खांबेट्यांच्या फ्रिजवरचा कागद

एकूण

"अकरा हजार," वसुधा खांबेटे म्हणाल्या.

"परत बेरीज कर," जगन्नाथ खांबेटे म्हणाले.

"तीनदा केली. यंदा अकरा हजार डॉलर कमी पडतात. हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता बावीस टक्क्यांनी वाढला आणि कोवाल्स्कीने, आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने, आपला भाव गोठवला. तुम्ही त्याला फोनवर 'नो प्रॉब्लेम' म्हणालात."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"प्रॉब्लेम."

डेट्रॉईटच्या उत्तरेला, ट्रॉयमधल्या एका बसक्या इमारतीत 'खांबेटे गेज लॅब' नऊ वर्षं चालू होती. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आपले मायक्रोमीटर आणि गेज इथे पाठवायच्या, आणि ते बरोबर मोजतात की नाही हे लॅब सांगायची. इंचाच्या दहा हजाराव्या भागाची चूक जगन्नाथरावांच्या नजरेतून सुटत नसे. त्याहून मोठ्या चुकांबद्दल इतकं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

माणसं पाच. जगन्नाथराव. हिशेब आणि पगार बघणाऱ्या वसुधाताई. इथेच मास्टर्स करून व्हिसावर काम करणारा मिहीर. आलेली खोकी उघडणारी, गेलेली खोकी बांधणारी आणि फोन घेणारी डार्लीन, जी पहिल्या दिवसापासून होती आणि जिला 'चहा' आणि 'बास' हे दोन मराठी शब्द पुरत होते. आणि दीड वर्षापूर्वी आलेली सुलेखा. तिचा हात असा स्थिर, की तिने लावलेला गेज जगन्नाथराव पुन्हा तपासत नसत.

"सुलेखाला अर्धवेळ केलं तर भागतं," वसुधाताई कागदाकडे बघत म्हणाल्या. "मी करा म्हणत नाही. आकडे म्हणतायत."

अर्धवेळ म्हणजे इन्शुरन्स गेला. सुलेखाच्या नवऱ्याची, विवेकची, नोकरी ऑगस्टमध्ये गेली होती आणि त्यांच्या मुलाला दम्याचा पंप लागायचा. तिघांचा विमा सुलेखाच्या एका नोकरीवर लटकत होता.

"सुलेखाला हात लावायचा नाही," जगन्नाथराव म्हणाले. जानेवारीत घराचं हीटिंग सहासष्ट फॅरनहाइटच्या वर न्यायचं नाही हे ते ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात. त्या आवाजापुढे कधी कोणाचं चाललं नव्हतं. थंडीचंही नाही.

शनिवारी इंग्लंडहून पुतण्याचा, सत्यजितचा, फोन आला. त्याने नवी इलेक्ट्रिक सायकल घेतली होती. पगाराचा एक भाग सोडायचा, कंपनी त्यातून सायकल देते, टॅक्स दोघांचाही वाचतो, 'सॅलरी सॅक्रिफाइस' म्हणतात इकडे. जगन्नाथरावांनी अर्धं पान टिपणं काढली. रविवारभर नेटवर बसून शोधलं, की इथे सायकलीचं तसं काही जमत नाही, पण इन्शुरन्सच्या हप्त्याचं जमतं. माणसाच्या वाट्याचा हप्ता टॅक्स कापायच्या आधी पगारातून सोडायचा. माणसाच्या हातात थोडं जास्त पडतं, कंपनीचा पगारावरचा टॅक्स वाचतो. कोणाचं काहीच जात नाही.

"आसावरीला विचारा," वसुधाताई म्हणाल्या. आसावरी त्यांची सीपीए, म्हणजे इथली सीए.

"सगळं ठरलं की विचारतो."

वजावट: भाषण

सोमवारी साडेआठला सगळे चहाचे कप घेऊन उभे राहिले. भाषणाचे दोन भाग होते. पहिल्यात लॅबची नऊ वर्षं, पहिला मायक्रोस्कोप कसा सेकंडहँड घेतला, सध्याची अडचण, आणि 'कोणालाही काढणार नाही' हे वाक्य तीनदा. दुसऱ्या भागात योजना.

पहिला भाग पंचवीस मिनिटं चालला. मग मागच्या दाराशी ट्रक लागला. कोवाल्स्कीच्या कंपनीचे तीनशे चाळीस गेज आले होते, आणि डार्लीन सही करायला निघाली म्हणून मिहीर उचलायला निघाला, आणि मिहीर निघाला म्हणून सुलेखा मोजायला.

"बाकीचं कागदावर आहे," जगन्नाथराव पाठमोऱ्यांना म्हणाले आणि ब्रेकरूमच्या फ्रिजवर कागद लावून मोकळे झाले.

कागदावर बाकीचं काहीही नव्हतं. जगन्नाथराव बारा वर्षं मंडळाच्या गणपतीची वर्गणी गोळा करत आले होते. कॉम्प्युटरवर वर्गणीच्या यादीची फाइल तयार होती, ती त्यांनी उघडली, 'डॉलर' खोडून 'टक्के' केलं आणि वर इंग्रजीत लिहिलं, 'पगारातून किती सोडणार'. कोऱ्या यादीवर पहिला आकडा कोणी लिहीत नाही, तो आपणच घालायचा, हे बारा वर्षांच्या अनुभवातून त्यांना माहीत होतं. हप्ता साधारण पगाराच्या दहा टक्के येतो असा त्यांचा अंदाज. म्हणून:

*जगन्नाथ खांबेटे . . . . १० . . . . (सही)*

वजावट: फ्रिज

जिथे 'काढणार नाही' तीनदा सांगतात तिथे कोणाला तरी काढायचं ठरलेलं असतं, असं सुलेखाला वाटलं. विवेकच्या ऑफिसात दोनदाच सांगितलं होतं. दुपारी डबा काढायला ती फ्रिजपाशी गेली, कागद वाचला, मालकांचे दहा पाहिले. मालकांपेक्षा कमी लिहायचं म्हणजे काय. तिने बारा लिहिले.

मिहीर दही काढायला आला. एका लेकराच्या आईने बारा लिहिले होते. त्याने पंधरा लिहिले.

"पंधरा?" सुलेखाने त्याला मायक्रोस्कोपपाशी गाठलं. "तुझं लग्न व्हायचंय अजून."

"म्हणूनच. मला खर्च कुठंय, ताई."

"माझे बारा बघून लिहिलेस ना?"

"तुम्ही काकांचे दहा बघूनच लिहिलेत ना?"

सुलेखा आपल्या टेबलाकडे निघाली. जाताना फ्रिजकडे वळली. बाराचे सोळा झाले.

डार्लीनने आपल्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ती सरळ जगन्नाथरावांच्या टेबलाशी गेली. "जॅग, पगार सोडला तर बदल्यात काय मिळतं?"

आठवडाभरात कोणीही विचारलेला हा एकमेव योग्य प्रश्न होता. पण जगन्नाथराव तेव्हा एका गेजचं सहावं रीडिंग घेत होते.

"सगळं भाषणात आहे, डार्लीन."

"झालेल्या की राहिलेल्या?"

"हो," जगन्नाथराव म्हणाले आणि त्यांनी सातवं घेतलं.

मंगळवारी सकाळी कागद असा होता:

*जगन्नाथ खांबेटे . . . . १० . . . . (सही)*
*सुलेखा . . . . ~~१२~~ १६ . . . . (सही)*
*मिहीर . . . . ~~१५~~ १७ . . . . (सही)*
*डार्लीन . . . . ?*

"हे सतरा कसले?" वसुधाताईंनी विचारलं.

"उत्साह आहे माणसांत," जगन्नाथराव समाधानाने म्हणाले. "नंतर ज्याचा त्याचा हप्ता बघून नीट करू."

वजावट: वकील

सतरा लिहून झाल्यावर मिहीरला रात्रभर एक शंका पोखरत होती. सकाळी त्याने ती व्हिसाचं काम बघणाऱ्या वकिलांना लिहिली. उत्तर त्याला आणि खांबेट्यांना एकत्र आलं:

*मिहीर यांच्या व्हिसाच्या अर्जात जो पगार लिहिला आहे त्याहून एक डॉलरही कमी देता येत नाही. कृपया काहीही कमी करू नका. या सल्ल्याचं बिल सोबत जोडलं आहे. २२५ डॉलर.*

"अकरा हजार दोनशे पंचवीस," वसुधाताई म्हणाल्या.

"आपण कुठे कमी करतोय?" जगन्नाथराव म्हणाले. पण कायद्याच्या कागदापुढे वाद नको म्हणून त्यांनी लाल मार्कर घेतला, स्टीलची पट्टी घेतली आणि मिहीरचं नाव, आकडा, सही सगळ्यावरून एक सरळ रेघ मारली. जगन्नाथरावांची रेघ. तिच्यात दहा हजारावा भागही वाकडा नव्हता.

मिहीर त्या दिवशी दुपारी गेज पोचवायला फ्लिंटला गेला होता. सुलेखा डबा काढायला आली. मिहीरच्या नावावर लाल रेघ. मिहीरची खुर्ची रिकामी.

तिने फ्रिजचं दार न उघडताच सोळाचे वीस केले आणि गाडीत जाऊन विवेकला फोन लावला.

"मिहीरला काढलं."

"काय सांगतेस. तो तर सतरा द्यायला तयार होता ना?"

"म्हणून तर सांगतेय. मी वीस केलेत."

विवेकने मनात हिशेब केला. मग म्हणाला, "होंडा विकू या."

वजावट: ग्रुप

*विवेक: होंडा विकायची आहे. २०१६, एक लाख दहा हजार मैल. जरा लवकर.*
*यामिनी: का रे? सगळं ठीक ना?*
*विवेक: सुलेखाच्या लॅबमध्ये पगारकपात, काकू. एकाला काढलं पण.*
*नीलांबरी: म्हणजे खांबेट्यांकडे? त्यांच्याकडे आमच्या कंपनीचे गेज आहेत*
*यामिनी: वसुधा एका शब्दाने बोलली नाही. मानी आहे*
*यामिनी: कोणी विचारू नका हं त्यांना. वाईट वाटेल. मी जेवण नेते*
*(यामिनी यांच्या मेसेजला अकरा अंगठे)*

खांबेटे दांपत्यही मंडळाच्या या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं. गणपतीच्या मांडवाच्या रंगावरून वाद झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दोघांनी तो म्यूट करून ठेवला होता.

वजावट: डबे

गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला पहिला डबा आला. मटार पुलाव. आणणारी बाई वसुधाताईंचा हात दाबून "आम्ही आहोत" म्हणाली आणि गेली. सहाला साबुदाण्याची खिचडी आली. सव्वासहाला भरली वांगी आणि "काही लागलं तर हक्काने सांगा." साडेसहाला पुन्हा साबुदाण्याची खिचडी.

"कोण गेलं?" जगन्नाथरावांनी आतून दबक्या आवाजात विचारलं.

"कळत नाहीये. चेहरा पाडून ठेवा."

सात वाजेपर्यंत ओट्यावर अकरा डबे झाले, त्यातले पाच साबुदाण्याच्या खिचडीचे. शेवटी स्वतः यामिनी आल्या. कोणी विचारायचं नाही हा नियम त्यांनीच घातला असल्यामुळे तो मोडायचा अधिकार त्यांना होता.

"वसुधा, लॅब बंद करताय, हे मला ग्रुपवरून कळावं?"

"आम्ही लॅब बंद करतोय?"

"त्या व्हिसावरच्या पोराला काढलंत. सुलेखाने वीस टक्के सोडले. विवेकने गाडी काढली विकायला. आणि तुम्ही इथे," यामिनींनी ओट्याकडे पाहिलं, "बरं, जेवायचं तरी बघितलं सगळ्यांनी."

वसुधाताईंनी सहा वर्षांनी ग्रुप उघडला. या आठवड्याचेच चौऱ्याहत्तर मेसेज. त्या वाचत असतानाच जगन्नाथरावांचा फोन वाजला. कोवाल्स्की. त्याचं बोलणं थोडकं असे. लॅब बंद होते आहे असं त्याच्या ऑफिसातली नीलांबरी म्हणत होती. बंद पडलेल्या लॅबच्या कपाटात गेज अडकलेले त्याला परवडणार नव्हते. उद्या दहाला तो स्वतः व्हॅन घेऊन येईल. तीनशे चाळीसही बांधून ठेवा.

कोवाल्स्कीचं काम म्हणजे लॅबचा अर्धा धंदा. तो गेला तर सुलेखा अर्धवेळसुद्धा राहत नव्हती.

जगन्नाथराव फोन हातात धरून पाच खिचड्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सुलेखाला हात लावायचा नाही." आवाज तोच होता, हीटिंगचा.

"मग आता आसावरीला विचारू या का?" वसुधाताई म्हणाल्या.

परतावा

शुक्रवारी नऊला आसावरी आली. ब्रेकरूममध्ये सगळे जमले. मिहीरला पाहून सुलेखा म्हणाली, "तू अजून येतोयस? शेवटचा आठवडा का?"

"मी रोजच येतो, ताई. काल मी तुम्हाला 'गुड मॉर्निंग' केलं, तुम्ही डोळे पुसत निघून गेलात."

आसावरीने फ्रिजवरचा कागद वाचला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"काका, ही योजना मी तुम्हाला चार वर्षं ईमेल करतेय."

"मला वाटलं, जाहिरात आहे."

आसावरीला सगळं सांगायला चार मिनिटं लागली. कोणाचाही पगार कमी होत नाही. विम्याचा हप्ता आत्ताही कापला जातोच, तो टॅक्सच्या नंतर कापायच्या ऐवजी आधी कापायचा. मिहीरला चालतं, कारण पगार तोच राहतो. हातात सगळ्यांना थोडे जास्तच पडतील.

"जास्त," सुलेखा म्हणाली. "आमची होंडा काल गेली."

"विकली?"

"नाही, विवेकने बघायला दिलीय. यामिनीकाकूंच्या जावयाला. तो काही ती परत द्यायचा नाही, गणपतीत नेलेली आमची शिडी अजून दिली नाही त्याने."

"मी सोमवारीच विचारलं होतं," डार्लीन कोणाकडेही न बघता इंग्रजीत म्हणाली. "बदल्यात काय मिळतं."

"आणि कंपनीचे किती वाचतील?" वसुधाताईंनी पेन उघडलं.

"तिघांचे हप्ते धरून वर्षाला बाराशे चाळीस. कागदपत्रांची माझी फी एकदाच, चारशे."

जगन्नाथराव खाली बसले. रविवारभर नेटवर बसून, पुतण्याची सायकल समजून घेऊन, अकरा हजारांच्या भोकाला त्यांनी आठशे चाळीस डॉलरचं ठिगळ आणलं होतं.

दहाला व्हॅन आली. कोवाल्स्की उंच, रुंद, आणि दारातून आत येताना नेहमी डोकं वाकवणारा माणूस होता. खोकी बांधून तयार होती. डार्लीनने त्याला रीतीप्रमाणे ब्रेकरूममध्ये नेलं, चहा दिला आणि सोबत वसुधाताईंनी घरून आणलेली साबुदाण्याची खिचडी, कारण ती संपवायची होती. तो खिचडी खात फ्रिजसमोर उभा राहिला.

"हे काय आहे?"

"पगारातून किती सोडणार, ते," डार्लीन म्हणाली. खोटं बोलायचं तिला कारण नव्हतं. "या बाईने बारा लिहिले. त्या मुलाने पंधरा. मग तिने सोळा. तो सतरा. ती वीस. कोणी सांगितलं नव्हतं. बदल्यात काय मिळतं हेही कोणी विचारलं नाही. मी सोडून."

"का लिहिले?"

"नऊ वर्षं इथे आहे, मला अजून कळलेलं नाही. शेजाऱ्याने लिहिले की हे लोक लिहितात."

कोवाल्स्कीने आणखी एक चमचा खिचडी खाल्ली. त्याच्या कारखान्यात गेल्या महिन्यात पार्किंगच्या जागेवरून दोन सुपरवायझर युनियनपर्यंत गेले होते.

"जॅग," तो बाहेर येऊन म्हणाला, "तू बंद करतोयस की नाही?"

"नाही."

"मग पैशाची अडचण होती तर मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भाव गोठवला म्हणालात."

"ते मी सगळ्यांना म्हणालो. म्हणायचं असतं. बाकीचे सगळे भांडले, त्यांना मी चार टक्के वाढवून दिले. तू एकटा 'नो प्रॉब्लेम' म्हणालास. मला वाटलं, तुला खरंच प्रॉब्लेम नाही."

जगन्नाथरावांचे कान लाल झाले. पैसे मागायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. वर्गणी सोडून, कारण ती गणपतीसाठी असते. मोठ्या निश्चयाने त्यांनी तोंड उघडलं. तीन वेळा. तिन्ही वेळा मिटलं.

"सहा," मागून वसुधाताई म्हणाल्या.

"चार," कोवाल्स्की म्हणाला.

"बाकीच्यांना तुम्ही खिचडी खाऊन दिले का चार?"

कोवाल्स्कीने रिकाम्या बशीकडे पाहिलं. "पाच. आणि खोकी परत सोडून ठेवा. व्हॅनमध्ये दुसऱ्या लॅबला न्यायला घेतलेले आणखी साठ गेज आहेत, तेही उतरवून घ्या."

हातात पडलेली रक्कम

व्हॅन गेल्यावर आसावरीने फॉर्म वाटले. सुलेखाला एक, मिहीरला एक, डार्लीनला एक. डार्लीनने सगळं वाचलं, नंतर सही केली.

"आणि आमचे दोन?" जगन्नाथरावांनी हात पुढे केला.

"तुमचे नाहीत, काका. अशा कंपनीत मालकाला या योजनेत घेता येत नाही."

"पण कागदावर पहिलं नाव माझं आहे."

"तरी नाही. आणि मालकाच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. कायदा आहे."

वसुधाताईंनी मान वर केली. "परत सांग. कोणाला नाही?"

"मालकाच्या बायकोला."

"पगारातलं काही सोडता येत नाही."

"या योजनेत नाही, काकू."

"हे मला लेखी मिळेल का? लेटरहेडवर?" वसुधाताई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. एवढ्या वर्षांत मला कोणीही सांगितलं नव्हतं, की तुम्ही काही सोडायचं नाही. अमेरिकेच्या सरकारला सुचलं. मी फ्रेम करून लावणार आहे."

ते पत्र आलं, फ्रेम झालं, आणि लॅबच्या भिंतीवर, पहिल्या मायक्रोस्कोपच्या फोटोशेजारी लागलं. होंडा परत आली. शिडीसकट.

दोन आठवड्यांनी पगार झाले. सुलेखाच्या हातात नेहमीपेक्षा एकोणऐंशी डॉलर जास्त पडले. तिने दोनदा मोजले आणि मुलाला घेऊन बाहेर जेवायला गेली. जगन्नाथरावांनी आपली पगाराची चिठ्ठी उघडली, चष्मा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"वसुधा, यात दोनशे चाळीस कमी आहेत."

"दहा टक्के."

"मला त्या योजनेत परवानगी नाही ना?"

"त्या योजनेत नाही." वसुधाताईंनी फाइलमधून फ्रिजवरचा कागद काढून समोर ठेवला. "या कागदाला परवानगी लागत नाही. पहिलं नाव तुमचं, आकडा तुमचा, सही तुमची. अकरा हजार, वर वकिलाचे सव्वादोनशे, आसावरीचे चारशे. त्यातून टॅक्सचे वाचले बाराशे चाळीस, कोवाल्स्कीने वाढवले नऊ हजार दोनशे. राहिले अकराशे पंच्याऐंशी. तुमचे पाच पगार असे झाले की बाराशे होतात. मग संपलं."

जगन्नाथरावांनी मनात बेरीज केली. त्यांच्या नजरेतून चूक सुटत नसे, आणि इथे ती नव्हतीच.

"पंधरा जास्त होतात," ते म्हणाले.

"अकरा डबे आहेत घरी ओट्यावर," वसुधाताई म्हणाल्या. "रिकामे परत करायचे का लोकांना? येताना पंधरा डॉलरचा साबुदाणा घेऊन या."